शुश्रूषेला शास्त्राची बैठक देणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडील नर्सिंगच्या विद्यालयांत विद्यार्थिनी हाती तेवता दिवा घेऊन शपथ घेतात आणि सभागृहाच्या भिंतीवर बहुधा एका इंग्रज स्त्रीचे चित्र असते. अंधारा वॉर्ड, खाटांवर विव्हळणारे सैनिक आणि त्यांच्यामधून कंदील घेऊन चाललेली एक सडपातळ आकृती. शालेय पाठ्यपुस्तकांनी हे चित्र आपल्या मनावर इतके ठसवले आहे, की फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हणजे करुणा, एवढ्यावरच आपली ओळख थांबते. चित्र खोटे नाही. अपुरे मात्र आहे. कंदील घेऊन फिरण्याचे काम या बाईंनी जेमतेम पावणेदोन वर्षे केले. त्यानंतर त्या ५४ वर्षे जगल्या आणि त्यातील बराच काळ अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत, कागदपत्रांच्या ढिगात बसून त्यांनी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला : बरे होण्यासाठी इस्पितळात आलेला माणूस तिथेच का मरतो, आणि त्याची शुश्रूषा करणारी स्त्री त्याच्यापाठोपाठ का मरते?

फ्लॉरेन्सचा जन्म १८२० सालचा, इटलीतील फ्लॉरेन्स शहरातला. गावाचेच नाव मुलीला मिळाले. थोरली बहीण नेपल्सला जन्मली म्हणून तिला त्या शहराचे प्राचीन ग्रीक नाव, पार्थेनोपी. यावरून घरची सुबत्ता आणि हौस दोन्ही ध्यानी यावी. वडील विल्यम हे सधन जमीनदार. डर्बीशायर आणि हॅम्पशायर या दोन परगण्यांत त्यांचे दोन प्रशस्त वाडे होते. मुलींना शिकवण्यासाठी त्यांनी बाहेरचा मास्तर शोधला नाही. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान हे सारे स्वतःच शिकवले. धाकटीला गणिताचे वेड लागले, तेव्हा मात्र घरात कुरबूर सुरू झाली. मुलीच्या जातीला बीजगणित कशाला, हा प्रश्न काही केवळ आपल्याच आजी-पणजींनी विचारलेला नाही.

सतराव्या वर्षी, १८३७च्या फेब्रुवारीत, आपल्याला ईश्वराने सेवेसाठी हाक दिली, असा अनुभव फ्लॉरेन्सला आला. सेवा कोणती, हे कळायला पुढे कित्येक वर्षे लागली. आणि कळल्यावर घरच्यांच्या पायाखालची वाळू सरकली. १८४५ मध्ये तिने जवळच्या सॉल्झबरी गावातील इस्पितळात काही महिने शुश्रूषा शिकण्याची परवानगी मागितली. आई आणि बहिणीने आकांत मांडला. त्यांचा राग समजून घ्यायचा तर त्या काळची नर्स कशी होती, हे पाहायला हवे. चार्ल्स डिकन्सने ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत रंगवलेली दारुडी, अजागळ सेरी गॅम्प वाचकांना खरी वाटली, कारण तशा बाया त्यांनी पाहिल्या होत्या. इस्पितळातली नर्स म्हणजे अन्य कुठे काम न मिळालेली, निरक्षर, अपुऱ्या पगारावर वॉर्डाच्याच कोपऱ्यात झोपणारी बाई. तिने दारू प्यायची नाही तर काय करायचे, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. पुढे तो नाइटिंगेलबाईंनीच विचारला.

नकारानंतरची आठ वर्षे तिने जवळजवळ चोरून अभ्यास केला. पहाटे उठून सरकारी अहवाल आणि इस्पितळांचे ताळेबंद वाचायचे, टिपणे काढायची आणि घर जागे झाले की खाली येऊन पाहुण्यांच्या सरबराईत सामील व्हायचे. रिचर्ड मंक्टन मिल्न्स या कवी व संसदपटूने तिला मागणी घातली होती. तो तिला आवडतही होता, पण कित्येक वर्षे विचार करून १८४९ मध्ये तिने नकार दिला. १८५१ मध्ये अखेर ऱ्हाइनकाठच्या कायझर्सवर्थ येथील धर्मभगिनींच्या संस्थेत तिला तीन महिने शिकता आले. दोन वर्षांनी लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील, आजारी कुलीन स्त्रियांसाठीच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्थापिका म्हणून ती रुजू झाली. पगार शून्य, वडिलांनी वर्षाला ५०० पौंड लावून दिले, त्यावर गुजराण.

या पहिल्याच नोकरीत तिने काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. वास्तविक पुढच्या साऱ्या कार्याचे बीज तिथेच आहे. तिने मागण्या केल्या त्या अशा : गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर आले पाहिजे, रुग्णांचे जेवण वर चढवण्यासाठी यांत्रिक पाळणा हवा आणि रुग्णाने घंटी वाजवली की ती कोणाची, हे नर्सला जागेवरूनच दिसले पाहिजे. याशिवाय नर्सचा निम्मा दिवस जिन्यावरून खालीवर करण्यातच जातो, असा तिचा हिशेब होता. दमलेल्या पायांनी रुग्णाकडे लक्ष देता येत नाही. नर्सचे कष्ट आणि रुग्णाची निगा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे तिने १८५३ साली ओळखले. कोणत्याही धर्मपंथाच्या रुग्णाला दाखल करून घेतले जाईल, हेही तिने व्यवस्थापक मंडळाकडून वदवून घेतले, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

त्यानंतर क्रिमियाचे युद्ध आले. जखमी ब्रिटिश सैनिकांच्या हालांच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांत झळकू लागल्या आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी आपल्या या स्नेही बाईंना मदतीसाठी पाचारण केले. १८५४च्या ऑक्टोबरात ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन त्या निघाल्या. त्यांपैकी २४ धर्मसंस्थांतल्या आणि १४ इस्पितळांत नर्सचे काम केलेल्या. ४ नोव्हेंबरला त्या कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारी येथील छावणीच्या इस्पितळात पोचल्या. लष्करी डॉक्टरांना ही बायकांची ब्याद नको होती. नाइटिंगेलबाईंनी वाद घातला नाही. डॉक्टर बोलावत नाहीत तोवर एकाही नर्सने रुग्णाला हात लावायचा नाही, असा हुकूम त्यांनी स्वतःच काढला. इंकरमनच्या लढाईतील जखमींचा लोंढा येऊन आदळला, तेव्हा डॉक्टरांना बोलवावेच लागले.

त्या हिवाळ्यात स्कुटारीत चार हजारांहून अधिक सैनिक मेले. जखमांनी मेले त्यांच्या कितीतरी पट अतिसार, पटकी आणि तापाने. बाईंनी कपडे, भांडी, ब्रश मागवले, धुलाईची सोय केली, पथ्याचे अन्न शिजवणारे स्वयंपाकघर उभे केले. तरी मृत्यू थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्युदर शेकडा ४२ च्या पुढे गेला. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसून काढली, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघडल्या. इस्पितळाला पाणी पुरवणाऱ्या पाटात मेलेला घोडा सापडला, तोही बाहेर काढला. जूनपर्यंत मृत्युदर शेकडा दोनच्या आसपास उतरला.

येथे चरित्रकारांची मते जुळत नाहीत, आणि हा भागच मला या आयुष्यातला सर्वांत मोलाचा वाटतो. स्कुटारीत असताना सैनिक उपासमारीने आणि अतिश्रमाने, अर्धमेल्या अवस्थेत येतात म्हणून मरतात, अशी बाईंची समजूत होती. युद्धानंतर इंग्लंडला परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी आकडे तपासायला घेतले. तेही सरळ नव्हते; मृत्यूंच्या तीन वेगवेगळ्या नोंदवह्या होत्या आणि तिन्हींचा मेळ बसत नव्हता. सारे जुळवून पाहिल्यावर उत्तर निघाले ते असे, की मृत्यूला इस्पितळ स्वतःच मोठे कारण होते. म्हणजे ज्या इमारतीत देशाने त्यांना देवता ठरवले, तिथे त्यांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या देखरेखीखाली माणसे गटारावर झोपून मेली होती. दुसरे कोणी असते तर ही बेरीज गुपचूप मिटवून टाकली असती. बाईंनी ती रंगीत आकृत्यांत मांडली. वर्तुळाच्या बारा पाकळ्या, एकेक महिन्याची एकेक; निळ्या रंगात टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू, तांबड्यात जखमांचे आणि काळ्यात इतर. मंत्र्यांना तक्ते वाचण्याचा कंटाळा असतो, हे त्या ओळखून होत्या. निळा रंग इतका अंगावर येतो की काही समजावून सांगावे लागत नाही. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

क्रिमियातच त्यांना जबर ताप आला होता. आजच्या वैद्यकाच्या मते तो बहुधा ब्रुसेलोसिस असावा. १८५७ पासून त्या बव्हंशी खोलीतच राहू लागल्या. देशभरातून जमलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा निघाली. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थिनी होत्या. त्याच सुमारास ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते आजही वाचावे असे आहे. रुग्णाच्या दाराबाहेरची कुजबुज, अंगावरच्या कपड्यांची सळसळ, अचानक केलेली झोपमोड, खिडकीतून काहीच न दिसणे, रोज तोच पदार्थ समोर येणे, या बारीकसारीक गोष्टी रुग्णाला कशा खचवतात, याचे निरीक्षण त्यात आहे. जी गोष्ट तुम्ही हजर असताना होते ती तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणे, हे नर्सच्या कौशल्याचे मर्म म्हणून त्यांनी सांगितले आहे. रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या जागी काय होते, हे आपल्या कोणत्याही कार्यालयात पाहिले तर या मुद्द्याचे महत्त्व कळेल.

रुग्णालयांच्या बांधणीवरील त्यांच्या ग्रंथाने लांबट, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेला, सुमारे तीस खाटांचा वॉर्ड रूढ केला. त्यात हवा खेळते आणि एका जागी बसलेल्या सिस्टरला सगळे रुग्ण दिसतात. याच ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीत त्यांनी एक असा तक्ता दिला, ज्याचा विचार आधी क्वचितच कोणी केला असेल. लंडनच्या रुग्णालयांतील मेट्रन, सिस्टर आणि नर्स यांच्या मृत्यूंची तुलना शहरातील त्याच वयाच्या इतर स्त्रियांशी करून, साथीच्या रोगांनी रुग्णालयातल्या स्त्रिया किती अधिक मरतात, हे त्यांनी दाखवून दिले. रुग्णालय निरोगी आहे की नाही हे ओळखायचे तर तिथे काम करणाऱ्यांचे आरोग्य पाहा, असा त्यामागचा रोख होता.

हा आकडा लवकरच त्यांच्या अगदी जवळ येऊन ठेपला. लिव्हरपूलच्या अनाथालयातील दरिद्री रुग्णांसाठी प्रशिक्षित नर्स पाठवाव्यात, म्हणून विल्यम रॅथबोन या दानशूर व्यापाऱ्याने पैसा देऊ केला होता. १८६५ मध्ये अॅग्नेस जोन्स ही तरुण सुपरिंटेंडंट बारा नर्सना घेऊन तिथे गेली. रुग्ण हजाराच्या वर, मदतीला अनाथालयातल्याच बाया, अधिकाऱ्यांशी रोजची झटापट. १८६८च्या फेब्रुवारीत प्रलापक ज्वराने तिचा अंत झाला. वय ३५. नाइटिंगेलबाईंनी तिच्यावर लेख लिहून नव्या मुलींना पुढे येण्याचे आवाहन केले. परंतु त्याबरोबरच नर्सच्या राहणीविषयीचा त्यांचा आग्रह अधिक काटेकोर झाला. प्रत्येकीला स्वतंत्र खोली, ताजे अन्न, ठरलेली सुटी. गरिबांच्या घरी जाणाऱ्या नर्ससाठी लंडनमध्ये संस्था निघाली, तेव्हा त्यांनी १८७६ मध्ये ‘टाइम्स’ला पत्र लिहून बजावले, की या मुलींना एकट्यादुकट्या भाड्याच्या खोलीत टाकू नका, दमून आल्यावर त्यांना खरेखुरे घर मिळाले पाहिजे. मुंबई-पुण्यातल्या परिचारिकांच्या वसतिगृहांची जी अवस्था अधूनमधून वर्तमानपत्रांत येते, ती वाचताना हे पत्र आठवते.

त्यांची स्वतःची शाळा तरी या कसोटीला उतरली का? सुरुवातीला नाही. पहिल्या दशकात कित्येक मुली आजारपणाने किंवा शिस्तभंगाने गळाल्या. १८७१ मध्ये सेंट थॉमस थेम्सकाठच्या भव्य इमारतीत गेले, खाटा वाढल्या आणि विद्यार्थिनींना फुकटचे मनुष्यबळ म्हणून राबवले जाऊ लागले. व्याख्याने नावापुरती उरली. खोलीत बसलेल्या बाईंना हे उशिरा कळले. कळल्यावर त्यांनी एकेका विद्यार्थिनीला घरी बोलावून, चहा पाजून, बारकाईने विचारपूस केली, नोंदी ठेवल्या आणि शाळेची घडी नव्याने बसवली. १८७२ पासून वयाच्या ऐंशीपर्यंत त्या आपल्या मुलींना मधूनमधून पत्ररूपाने उपदेश लिहीत राहिल्या.

याहून कठीण प्रसंग सूतिकागृहाचा. त्यांच्या निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींना शिकवण्यासाठी एक वॉर्ड चालवला जाई. तिथे सूतिकाज्वराने बायका दगावू लागल्या; प्रमाण हजारी ३३, तर साऱ्या इंग्लंडचे हजारी पाचच्या आसपास. १८६७ मध्ये वॉर्ड बंद केला गेला. बाईंनी मग देशोदेशीचे आकडे जमवले आणि १८७१ मध्ये पुस्तक लिहिले. प्रसूतीसाठी इस्पितळापेक्षा घर बरे, असा त्यातील निष्कर्ष होता. जंतूंचे शास्त्र तेव्हा मूळ धरू लागले होते, पण बाईंचा विश्वास दूषित हवेवर. संसर्गाची कल्पना त्यांनी फार काळ झिडकारली, हा त्यांच्या विचारातला ठळक दोष. गंमत अशी, की चुकीच्या उपपत्तीवरून त्यांनी सांगितलेले उपाय, म्हणजे हात धुणे, गर्दी टाळणे, स्वच्छ पाणी, हे बरोबर निघाले.

दोष इतरही होते. जमैकाहून आलेल्या मेरी सीकोल यांनी क्रिमियात स्वतःच्या खर्चाने सैनिकांची सेवा केली. त्यांच्याविषयी बाईंनी खासगी पत्रात बऱ्याचशा आकसाने लिहिले. नर्सच्या विश्रांतीबद्दल इतक्या दक्ष असलेल्या या बाईंनी आपल्या सहकाऱ्यांना मात्र दयामाया दाखवली नाही. मूत्रपिंडाच्या विकाराने खंगलेल्या सिडनी हर्बर्टना त्या अखेरपर्यंत कामाला जुंपत राहिल्या. १८६१ मध्ये ते वारले.

हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. तरी चाळीस वर्षे त्या या देशाचा विचार करत होत्या. इथल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर वर्षानुवर्षे हजारी ६९ होता. १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगासाठी त्यांनी प्रत्येक छावणीला प्रश्नावली पाठवली : पाणी कुठून येते, मैला कुठे जातो, बराकीत माणसागणिक जागा किती. उत्तरांचा अहवाल १८६३ मध्ये आला. दहा वर्षांत मृत्युदर हजारी १८ पर्यंत उतरला. परंतु छावणीपलीकडचे गाव घाणीत असेल तर छावणी सुरक्षित राहत नाही, हे कळल्यावर त्यांचे लक्ष रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी पाश, यांवर त्या लिहू लागल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. विल्यम वेडरबर्न हे त्यांचे स्नेही. दादाभाई नौरोजींच्या १८८६च्या निवडणुकीला त्यांनी पाठिंबा दिला. बेहरामजी मलबारींच्या इंग्रजी चरित्राला प्रस्तावना लिहिली. मुंबई इलाख्यात १८८९ मध्ये ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते, की खेडुतांवर नवा कर लादू नका. ते आधीच जो स्थानिक उपकर भरतात, त्यातून प्रथम त्यांच्याच गावाचे पाणी आणि सांडपाणी बघा. सरकारने ते मनावर घेतले नाही. गावोगाव फिरून बायकांना घरात बसून आरोग्य समजावणाऱ्या शिक्षिका नेमाव्यात, ही त्यांची सूचना १८९६ मधली.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचा मोठा झगडा झाला तो स्वतःच्याच क्षेत्रातल्या स्त्रियांशी. एथेल बेडफर्ड-फेनविक यांनी १८८७ पासून नर्सची सरकारी नोंदणी व्हावी म्हणून चळवळ चालवली. नाइटिंगेलबाईंनी विरोध केला. परीक्षा पास झालेली बाई चांगली नर्स असेलच असे नाही, आणि एकदा यादीत नाव आल्यावर ती वीस वर्षांनी कशी आहे हे कोण पाहणार, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नव्हता. पण नोंदणीवाचून नर्सला व्यावसायिक दर्जा आणि संरक्षण मिळणार नाही, हे फेनविकबाईंचे म्हणणे काळाने उचलून धरले. तो कायदा ब्रिटनमध्ये १९१९ मध्ये झाला.

तेव्हा बाई हयात नव्हत्या. शतकाच्या आरंभीच त्यांची दृष्टी गेली, मग स्मृतीही विझत गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान पहिल्यांदाच एका स्त्रीला मिळाला, तो त्यांना. तो घरी आणून दिला गेला तेव्हा काय चालले आहे, याची त्यांना पुरती जाण नव्हती. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील घरात त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनाचा प्रस्ताव आला, तो नातेवाइकांनी नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यात, आईवडिलांशेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली. शवपेटीला खांदा सैनिकांनी दिला. थडग्यावर नावाची फक्त दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.